पाठमोरा

लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं येतं याचा विचार आपण कशाला करतो. घर बदलताना आपल्या जिवाला घोर असतो तो भिंतीच्या रंगाचा. कपाट उचलून दोन माणसं जिन्यात शिरली की आपण वरून सांगतो, "जपून हं, भिंतीला लागेल." भिंतीला. खालच्या माणसाच्या छातीला लागलं तर ते त्याचं त्यानं बघावं.

त्या खालच्या माणसाची ही गोष्ट. गोदामात त्याला सगळे खेकडा म्हणायचे. आता खेकडा तिरका चालतो आणि हा चालायचा उलटा, पण टोपणनाव ठेवणाऱ्यांना एवढी अक्कल असती तर ते ओझी वाहत कशाला बसले असते. नाव चिकटलं ते चिकटलं. साध्या सरळ माणसाला आपण नाकासमोर चालणारा म्हणतो. खेकडा तसा अगदी सरळ, फक्त त्याचं नाक एकीकडे आणि पाय दुसरीकडे जायचे.

ते कामच तसं होतं. कपाट म्हणा, फ्रिज म्हणा, आरशाचं टेबल म्हणा, जिन्यातून न्यायचं तर दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाला पाठमोरं चालावं लागतं. उतरताना तो खाली असतो, चढताना वर. दोन्ही वेळा त्याचं तोंड कपाटाकडे आणि पाठ वाटेकडे. आपला पाय कुठे पडणार हे त्याला दिसत नाही. दिसतं ते दुसऱ्याला, कपाटाच्या पलीकडच्याला. म्हणून त्यानं बोलायचं. "पायरी." "टप्पा." "वळण." "शेवटची." वाटेत बादली असो, मांजर असो, कुणाची चप्पल असो, सांगायचं. गोदामात नवा माणूस आला की मालक त्याला एवढंच शिकवायचा, दिसलं की बोलायचं. बाकी ओझं उचलणं काय, बैलही उचलतो.

भले दांडगे हमाल पाठमोरं चालायला का-कू करत. खेकड्यानं मात्र पहिल्या दिवसापासून ते आपल्या अंगावर घेतलं, कारण पलीकडे जो उभा असायचा त्याच्यावर त्याचा जीव होता. दोघांची आधी जोडी जमली आणि मग सोयरीक. तो दुसरा वयानं लहान, बापाविना वाढलेला, थोरल्या बहिणीनं सांभाळलेला. घरी जाऊन त्यानं बहिणीला सांगितलं, "ताई, हा माणूस माझ्या एका शब्दावर डोळे मिटून पाय टाकतो. असा नवरा तुला शोधून सापडायचा नाही."

"उलटं चालणारा?" ताई म्हणाली. "संसार मागे मागे न्यायचा माझा."

पण केलं तिनं लग्न, आणि हमालाचा जोडीदार खेकड्याचा मेहुणा झाला. मग जिन्याजिन्यातून त्याची बडबड ऐकू यायची. दाजी, पायरी. दाजी, वळण. दाजी, टप्प्यावर बाई उभ्या आहेत हातात चहा घेऊन, उगाच आशेला लागू नका, आपल्यासाठी नाही. कपाटाखाली वाकलेला खेकडा हसायचा आणि म्हणायचा, अरे हसवू नकोस, हात सुटेल. बरी गेली ती वर्षं. मूलबाळ झालं नाही, पण ताईनं कधी तोंड वाकडं केलं नाही. भाऊ आणि नवरा दोघं एकाच टेम्पोत बसून कामाला जातात, याचंच तिला केवढं कौतुक.

मग ती सकाळ आली. ताईच्या पोटात दोन दिवस दुखत होतं. त्या सकाळी जरा जास्तच दुखत होतं. खेकडा म्हणाला, आज राहतो घरी. तेवढ्यात मेहुणा दारात हजर. टेम्पो खाली उभा, गिऱ्हाईक मोठं, सबंध दुकान हलवायचं होतं. गोदामाची रीत अशी की जोडी आली तर दोघांना काम, एक आला तर तोही घरी. एकटा हमाल कुणाला हवाय? खेकडा घुटमळला. आतून ताई म्हणाली, "जा तुम्ही. तुमच्यामुळे त्याचाही दिवस बुडायचा. मी पडून राहते." खेकडा उंबऱ्याशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता, तिच्याकडे पाठ करून. "बरं," म्हणाला, उठला, आणि गेला.

शेजारणीनं दुपारी तिला दवाखान्यात नेलं. पोटात आतल्या आत फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणली असती तर. डॉक्टरांना हे वाक्य कोण शिकवतं देव जाणे. संध्याकाळी हे दोघं पोचले तेव्हा संपलं होतं.

तिला पोचवून आल्यावर, घरात माणसं बसलेली असताना, मेहुणा उठला आणि सगळ्यांदेखत खेकड्याला म्हणाला, "बायको मरणाच्या दारात होती आणि तुम्ही पाठ फिरवून निघून आलात. माझ्या ताईला तुम्ही मारलंत." खेकडा बोलणार काय? खोटं कुठे होतं त्यात? एकदा, फक्त एकदा, नाड्या बांधून झाल्यावर मान वळवून बघितलं असतं तर. हे एवढं वाक्य त्यानं त्या दिवसापासून उशाला घेतलं आणि ते कधी काढलं नाही.

आता तुम्हाला वाटेल जोडी फुटली असेल. कशी फुटणार? दोघांचंही हातावर पोट. बाकीच्या जोड्या ठरलेल्या. पाठमोरा चालणारा दुसरा मिळत नव्हता मेहुण्याला, आणि खेकड्याला दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मागे पाय टाकायचं धाडस होत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात दोघं गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले, एक या खांबाशी, एक त्या खांबाशी. मालकानं दोघांकडे बघितलं आणि कामाला धाडलं. माणसं सांगत सुटतात, जग मायेवर चालतं म्हणून. मायेचं मला ठाऊक नाही. या दोघांचं जग कपाटावर चाललं.

दोघांत विस्तव जात नव्हता. टेम्पोत एक पुढे बसायचा, एक मागे सामानात. पण कपाट उचललं की मेहुणा बोलायचा. पायरी. टप्पा. वळण. शेवटची. "दाजी" गेलं, चहावाल्या बाई गेल्या, राहिले हे चार शब्द. त्यात 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, राग नाही, लोभ नाही. पण एकदाही चुकले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. जो माणूस सगळ्यांदेखत आपल्याला खुनी म्हणाला त्याच्या शब्दावर खेकडा रोज मागे पाय टाकत राहिला, आणि तो पाय रोज पायरीवरच पडत राहिला.

आणि डबा. मेहुण्याची बायको होती समजूतदार. काम परत सुरू झाल्यावर चार दिवसांनी तिनं नवऱ्याच्या हातात दोन डबे दिले. मेहुण्यानं दुसरा डबा टेम्पोच्या फळीवर ठेवला. खेकड्यानं पहिल्या दिवशी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी भूक लागली. मग रोज तसंच. वैऱ्याच्या घरचं जेवत होता बिचारा, आणि मीठ नेहमी बरोबर असायचं. डबा धुऊन परत फळीवर ठेवायचा. अशी बरीच वर्षं गेली, दोघांचे केस पिकले, इमारतींना लिफ्ट आल्या, कामं कमी झाली. लिफ्टमध्ये न मावणारं सामान तेवढं यांच्या वाट्याला उरलं, म्हणजे सगळ्यात अवघड.

अलीकडे खेकड्याच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. काम सुरू व्हायच्या आधी मेहुणा जिना एकदा मोकळ्या हातानं चढून उतरून यायचा. पूर्वी कधी असं करायचा नाही. कठड्यावरून हात फिरवत जायचा, टप्प्यावर थांबून भिंत चाचपायचा. खेकड्याला वाटलं, वय झालं, सावध झाला. मग शब्द उशिरा यायला लागले. टाच पायरीच्या कडेवर गेली की "पायरी" ऐकू यायचं. एवढंसं अंतर, पण पाठीला कळतं. खेकड्यानं कानाडोळा केला.

मग एका घरातून पुस्तकांचं कपाट उतरवत होते. मेहुणा जिना पाहून आला होता. त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी टप्प्यावर तीनचाकी सायकल आणून लावली. भर दुपार, खिडकीतून ऊन थेट त्या सायकलवर पडलेलं, लालभडक सायकल. मेहुणा काही बोलला नाही. खेकडा पाठमोरा तिच्यावर गेला आणि पडला. कपाट त्याच्या गुडघ्यावर आलं, नशीब की भिंतीला अडकून तिथेच थांबलं. वरून घरमालकीण म्हणाली, "अगं बाई, भिंत खरवडली."

गुडघा टम्म सुजला. पण खेकड्याला गुडघ्यापेक्षा दुसरंच झोंबत होतं. इतकी वर्षं मनात वैर होतं ते होतं, पण जिन्यात कधी उतरलं नव्हतं. आज याला मला पाडायचं होतं की काय? संध्याकाळी लंगडत लंगडत तो मेहुण्याच्या घरी गेला. ताई गेल्यापासून त्या दारात तो पहिल्यांदाच उभा राहिला. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, आणि गोड त्यात काही नव्हतं.

दार मेहुण्याच्या बायकोनं उघडलं. तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. टेबलाशी मेहुणा बसला होता. समोर पाण्याचा ग्लास होता. मेहुण्याचा हात टेबलावरून सरपटत निघाला, ग्लासच्या बाजूनं पुढे गेला, परत आला, बोट काचेला लागलं तेव्हा थांबला. दिवा त्याच्या डोक्यावरच लागलेला होता.

बायकोनं दार मागे ओढून घेतलं आणि बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काचबिंदू आहे, भाऊजी. बाजूचं सगळं गेलंय. मधलं थोडं आहे, नळीतून बघावं तसं, तेही चाललंय. डॉक्टर म्हणतात गेलेली नजर परत येत नाही." मग तिनं त्याच्या गुडघ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "मालकाला सांगणार का तुम्ही?"

वाटेत जुळवलेलं सगळं खेकड्याच्या तोंडातच राहिलं. सांगितलं तर या घरातली चूल विझणार. नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी आपण कपाटाखाली चिरडून मरणार. आणि सांगून आपण तरी कुठे जाणार? एकटा हमाल, त्यातही पिकलेला. रागावायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्या माणसानं. खेकड्याच्या हातात रिकामा डबा होता, दुपारी फळीवर ठेवायचा राहून गेलेला. तो त्यानं तिच्या हातात दिला आणि घरी आला.

गुडघा उतरल्यावर तो परत खांबाशी जाऊन उभा राहिला. पहिल्याच कामाला, मेहुणा जिना चाचपून खाली यायच्या आत, खेकडा लंगडत वर गेला आणि वाटेतल्या चपला, कुंड्या, बादल्या बाजूला सारून आला. कपाट उचललं. मेहुण्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी खेकडा म्हणाला, "पायरी."

खेकड्यानं टाचेनं मागची कड चाचपली, पाय खाली ठेवला, मग नजर वर केली. मेहुण्याची पावलं त्याला समोरच दिसत होती, कपाटाच्या खालून. पाठमोऱ्याला स्वतःची वाट दिसत नाही, पण समोरच्याचे पाय दिसतात. हे इतक्या वर्षांत कधी उपयोगी पडलं नव्हतं. "पायरी," तो परत म्हणाला, या वेळी मेहुण्यासाठी. मेहुण्याचं पाऊल खाली आलं. स्वतःसाठी टाच आणि दुसऱ्यासाठी डोळे, असं करत त्यानं ते कपाट खाली आणलं. घामानं निथळत होता. टेम्पोवाला म्हणाला, "आज खेकडा बोलतोय. नवलच." कुणाला काही कळलं नाही. लोक जिन्यात भिंतीला चिकटून वाट देत राहिले, वरून बायका जपून म्हणत राहिल्या. एकाला दिसत नाही आणि दुसरा उलटा चालतोय, आणि मधे दोन माणसांच्या वजनाएवढं लोखंड, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर जिन्यात पाय ठेवला नसता त्यांनी.

असं काही आठवडे चाललं. मेहुणा त्यावर एक अक्षर बोलला नाही. आभार तर नाहीच, साधं हूं नाही. उलट दिवसेंदिवस जास्त घुम्यासारखा झाला. डबा फळीवर ठेवायचा आणि तोंड फिरवून बसायचा. खेकड्याच्या मनात यायचं, एवढं करतो याच्यासाठी, आता तरी मागचं विसरेल. एकदा दाजी म्हणेल. त्या एका शब्दाची त्याला आस लागली होती, आणि या वयात अशी आस लागल्याची लाजही वाटत होती.

मग ते तिसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट आलं. जुनी इमारत, जिना अरुंद, दोन्हीकडे भिंत. एक मजला उतरून झाला. दुसऱ्याच्या मध्यावर, जिथे टेकवायला जागा नाही, बाजूला सरायला जागा नाही आणि सगळा भार खालच्याच्या छातीवर येतो, तिथे वरून आवाज आला.

"दाजी."

"पायरी," खेकडा म्हणाला, कारण पायरी होती.

"मालकाला का नाही सांगितलंत?"

"बोलू नकोस. पायरी."

"तुमचे उपकार घेऊन डबा उतरत नाही घशाखाली," मेहुणा म्हणाला. तो थांबला होता. कपाटही थांबलं होतं. "ऐकून घ्या आधी. मग काय करायचं ते करा. त्या दिवशी तुम्ही नाड्या बांधत होता, पाठ करून. मी दारात होतो. ताई माझ्या समोर होती."

खेकड्याची टाच मागची कड शोधत होती.

"जा म्हणाली ना, ते तोंडानं म्हणाली. भिंतीला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि ती खाली बसली. बसली नाही, घसरली. माझ्याकडे बघत होती, दाजी. मान हलवली तिनं, नको म्हणून. मी बघितलं. खाली टेम्पो उभा होता. म्हटलं, संध्याकाळी बघू. मी बोललो नाही." त्याचा श्वास लागला होता. "आणि मग सगळ्यांच्या आधी तुमच्यावर खापर फोडलं. म्हटलं, आपण आधी ओरडलो म्हणजे आपल्याला कुणी विचारणार नाही. कुणी विचारलंच नाही."

खेकड्यानं कपाटाच्या पत्र्याला गाल टेकला. पत्रा थंड होता. किती रात्री, किती वर्षं तो उशीवर तेच वाक्य घोळत पडला होता, एकदा वळून बघितलं असतं तर. आणि बघणारा होता. समोर उभा होता, डोळे धडधाकट होते, आणि बोलणं हेच त्याचं काम होतं. खेकड्याच्या टाचेला मागे सपाट जमीन लागली. टप्पा आला होता. टप्प्याच्या कोपऱ्यात एक माणूस सहज सरकेल एवढी जागा होती. हात काढून तो कोपऱ्यात सरकला असता तर कपाट वरच्या माणसाला घेऊन खाली गेलं असतं, आणि जगानं म्हटलं असतं, अपघात झाला. त्याला हे सगळं स्पष्ट दिसलं. हातही सैल झाले जरासे. वरच्या माणसाला ते कळलं असणार, कारण तो म्हणाला, "सोडायचं तर सोडा."

खालून एक बाई पिशव्या घेऊन वर येत होती. "अजून किती वेळ?" तिनं विचारलं. "मला वर जायचंय."

खेकड्याला क्षमा वगैरे काही सुचली नाही. पण खाली टेम्पो उभा होता, दुपारी अजून एक घर होतं, आणि एकट्याला कपाट उचलत नाही. त्यानं कपाटाखालून घेतलेला पट्टा मनगटाला परत गुंडाळला.

"टप्पा," तो म्हणाला. आणि मग, "वळण."

कपाट वळलं. बाई पिशव्या सावरत अंग चोरून वर गेली.

खाली कपाट टेम्पोत चढवून झाल्यावर मेहुणा फळीशी गेला, चाचपत डबा काढला आणि पुढे धरला. हवेतच धरला, खेकडा नेमका कुठे उभा आहे हे त्याला कळत नव्हतं. खेकड्यानं तो लगेच घेतला नाही. मेहुण्याचा हात तसाच राहिला, मग थोडा दुसऱ्या बाजूला फिरला, मग परत आला.

"मी पाठमोरा होतो," खेकडा म्हणाला.

"हो."

"तुला दिसत होतं."

"हो."

खेकड्यानं डबा घेतला. भूक लागली होती. टेम्पोच्या सावलीत बसून जेवला, सगळा संपवला, डबा धुतला आणि फळीवर ठेवला. दुपारचं घर चौथ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशी मेहुणा कठडा शोधत होता. खेकड्यानं त्याचं मनगट धरलं, जरुरीपेक्षा घट्ट, दुखेल असं, आणि कठड्यावर नेऊन ठेवलं.

"पायरी," तो म्हणाला.